सरदार, बदक आणि उलटसुलट पानं

मी वैजयंतीची झेरॉक्स बोलतेय. अजून हसू आवरत नाहीये मला! माझ्या पोटात जुन्या इंग्लंडमधल्या गोष्टी आहेत, सहा-सातशे वर्षांपूर्वी लोक एकमेकांना सांगत त्या. सरदारांच्या प्रेमकथा, प्राण्यांच्या बोधकथा, संतांचे चमत्कार आणि चारचौघांत वाचू नयेत अशा चावट गोष्टीसुद्धा.

माझा जन्म सोलापुरात, कॉलेजसमोरच्या दुकानात. मूळ नोट्स एका सीनियरच्या हातच्या, पानांना नंबर नाहीत. पंख्याच्या वाऱ्यानं मी जमिनीवर पसरले. दुकानातल्या सोमेशनं हाताला येतील तशी पानं गोळा केली आणि स्पायरल घालून टाकलं.

वैजयंती मैंदर्गी गावची. एम.ए. इंग्रजीच्या, या जुन्या गोष्टींच्या पेपरात ती एकदा नापास झाली होती. "ह्या बारीला जमलं न्हाय, तर शिकनं बास," असं तिच्या वडिलांनी, तात्याबांनी, बजावलेलं. ती एसटीत मला मांडीवर घेऊन घोकायची. गोष्टी विचित्र वाटायच्या, पण इंग्रजांचं असंच असेल म्हणून पुढे जायची. मला ओरडावंसं वाटायचं!

सेमिनारच्या दिवशी मनाली मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट सांगा, मराठीत चालेल. आणि प्रकार ओळखा."

वैजयंतीनं मला उघडलं आणि सुरुवात केली. सरदार राजकन्येसाठी जीव द्यायला निघाला. पान उलटलं, तर राजकन्येनं बदकाचे पंख फडफडवून लांडग्याला सुनावलं. पुढच्या पानावर लांडगा पाववाल्याच्या बायकोच्या पलंगाखाली लपला. आणि तिथून निघाला तो थेट संत होऊन, आंधळ्यांना दृष्टी देत! वर्ग खदाखदा हसत होता. एकजण तर बाकावरून खाली घसरला.

वैजयंती लालबुंद झाली. मॅडमनी डोळे पुसत विचारलं, "प्रकार कोणता गं हा?"

तिनं माझी पानं मागे-पुढे उलटून पाहिली. मग म्हणाली, "मॅडम, पानं चुकल्यात. ही एक गोष्ट न्हाय, चार हायेत की!" आणि माझ्यावर बोट ठेवत गेली. "जीव द्यायला निघाला तितपतुर प्रेमकथा. बदक बोललं, ती बोधकथा. पलंगाखाली गेला की चावट. आन् चमत्कार झाला, ती संतकथा."

एकही सांधा चुकला नव्हता.

"नुसतं पाठ करणाऱ्याला हे दिसत नसतं," मॅडम म्हणाल्या आणि वीसपैकी अठरा दिले.

बाहेर येताच तिनं फोन लावला. "तात्या, जमलं की! लई हसले समदे, पन जमलं!" पलीकडून तात्याबा म्हणाले, "मग शीक की आता, हवं तितकं." ती मला छातीशी धरून रडली. मीही रडले असते, पण शाई पसरली असती.

हल्ली सांधे ओळखायच्या सरावासाठी मी वर्गभर फिरते. माझ्यावर चहाचे डाग पडलेत, कोपरे दुमडलेत. काल एक शहाणा स्पायरल काढून पानं नीट लावायला बसला होता. बाबांनो, हात जोडते, तेवढं सोडून काहीही करा!