धुतलेल्या बुटांचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुने होकायंत्र आहे. टेबलावर ठेवून पाहुण्यांना दाखवायचे नव्हे, तर डाव्या हाताच्या अंगठ्याला पट्ट्याने बांधून पळायचे. मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुरकुर नको. ज्याला जन्मभर उत्तर दिशा सांभाळायची असते, त्याला आजूबाजूच्या लोखंडाकडे वाकड्या नजरेने पाहावेच लागते. किल्ल्यांचा जुडगा, कात्री, मोबाइलच्या पाकिटाचे चुंबकाचे बटण, सगळे गोड बोलून काटा फिरवणारे. त्यांच्याशी माझे कधी जमले नाही आणि जमणारही नाही.

हा स्वभाव मला कारखान्यातच जडला. पारदर्शक डबीत पातळ तेल भरून त्यात माझा काटा बसवला, आणि तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी एक लोखंडी सळई माझ्याजवळ आणली. मी भोळेपणाने तिच्याकडे वळलो. बाईंनी सळई दूर नेली, मी परत उत्तरेला आलो, आणि त्यांनी मला पास केले. मी मात्र तेव्हाच कानाला खडा लावला. जवळ येणारा प्रत्येक जण आपला असतोच असे नाही.

दुकानात मला घ्यायला आले ते बाबा. ते बसमध्ये तिकीट तपासनीस होते. दुकानदार म्हणाला, खात्रीचा माल आहे. बाबांनी त्याच्याकडे असे पाहिले, की बिचारा स्वतःचेच खिसे चाचपू लागला. मग मला घेऊन ते भर रस्त्यात उभे राहिले, उन्हाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि हात पुढे धरून स्वतःभोवती गोल फिरले. जाणारे-येणारे हसत होते. बाबांना त्याचे काही नव्हते. मला वाटले, चला, आपल्या जातीचा माणूस भेटला.

बाबांनी मला घेतले ते त्यांच्या मुलीसाठी. ती ओरिएंटिअरिंग खेळत असे. अनोळखी जंगलात नकाशा आणि होकायंत्र घेऊन धावायचे, झाडाझुडपांत टांगलेली नारिंगी-पांढरी निशाणे ठरलेल्या क्रमाने शोधायची, आणि सगळ्यांत आधी परत यायचे, असा हा खेळ. बोटाला बांधलेली एक छोटी चिप प्रत्येक निशाणापाशी वेळ नोंदवून घेते. बाबांच्या या मुलीला सगळे ‘चकवा’ म्हणत. तिच्या मागे मागे पळून फुकटात वाट काढू पाहणारे हमखास भरकटत, म्हणून हे नाव पडले. ती मुद्दाम एखाद्या काटेरी जाळीतून घुसायची आणि मागचे लोक तिथेच फाटलेल्या बाह्या सोडवत बसायचे. मला ही मुलगी फार आवडली.

आमची जोडी जमली. ती धावता धावता नकाशा माझ्या काट्याशी जुळवायची, एकदाच पाहायची आणि सुटायची. जिल्हा झाला, राज्य झाले, मग देशाचे अजिंक्यपदही आले. वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला, त्यात तिच्या अंगठ्यावर मी होतो. बाबांनी तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बाहेरून का नाही, असे तिने विचारले, तेव्हा ते म्हणाले, लोकांची नजर लागते. अंतर्बाह्य तपासनीस!

मग घरात मॅरेथॉन आली. शेवटच्या टप्प्यात पायांत दम राहावा म्हणून तिने डांबरी रस्त्यावर लांब पळायला सुरुवात केली, आणि तिला त्याची गोडी लागली. मला तो प्रकार पहिल्यापासून संशयास्पद वाटला. पुढच्याच्या पाठीकडे बघत पळायचे, दोरी बांधून वाट आखून दिलेली, वळणावर माणूस उभा राहून हात दाखवतो. तिथे माझे काय काम? ती मला दाराजवळच्या खिळ्याला, बुटांच्या मांडणीच्या वर टांगून जायची. खिळाही लोखंडी. म्हणजे काय दिवस काढले असतील, ते तुम्हीच समजा. एका मॅरेथॉनमध्ये सगळ्या धावपटूंना पिवळी जाकिटे वाटली होती. तीही एक घेऊन आली आणि रोज तीच घालू लागली. मी खिळ्यावर लटकत तिचे येणे-जाणे पाहत असे. येताना तिच्या अंगाला रस्त्याचा वास यायचा, जंगलाचा नाही.

त्या वर्षीचे अजिंक्यपद शहरापासून जवळच्याच एका डोंगराळ जंगलात व्हायचे ठरले. आमच्या खेळात एक कडक नियम आहे. स्पर्धेचे जंगल जाहीर झाले, की स्पर्धा होईपर्यंत कोणत्याही खेळाडूने तिथे पाऊल टाकायचे नाही. फिरायला नाही, सहलीला नाही, चुकूनही नाही. जंगल सगळ्यांना सारखेच अनोळखी राहिले पाहिजे. एक फेरी मारून आलेला माणूस निशाणे शोधत नाही, ती आठवतो. तो चोरच.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी चकवा पहाटे लांब पळायला गेली. दुपार होता होता परत आली, बूट काढून मांडणीवर टाकले, चार घास खाल्ले आणि आडवी झाली. मी खाली पाहिले आणि माझा काटाच थरथरला. बुटांना घोट्यापर्यंत लाल चिखल होता. आमच्या शहराची माती काळी. लाल माती फक्त त्या जंगलाची.

माझ्या मनात काय आले, ते सांगायलाच हवे का? आले ते आले. तेवढ्यात फोन वाजला. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे सचिव होते. बाबा त्यांच्याशी दाराजवळ उभे राहून, हळू आवाजात बोलले. बोलण्यातून मला एवढे कळले, की सकाळी जंगलाच्या बाजूने पिवळ्या जाकिटातली एक मुलगी पळत येताना कुणीतरी पाहिली होती. बाबा म्हणाले, ती झोपली आहे, उठली की विचारतो.

त्यांनी फोन ठेवला. बराच वेळ बुटांकडे पाहिले. मग बूट उचलले आणि न्हाणीघरात नेले. ब्रशचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने ते बूट घेऊन बाहेर आले, तेव्हा बूट पांढरेस्वच्छ होते. बाबांनी ते गॅलरीत उन्हात ठेवले आणि पेपर उघडून बसले. पान मात्र उलटले नाही. आयुष्यभर ज्यांनी अनोळखी माणसांना खडसावून तिकीट विचारले, त्यांनी पोटच्या मुलीला एक प्रश्न विचारला नाही.

संध्याकाळी चकवाला तिच्या मैत्रिणीकडून सगळे कळले. ती आधी हसली. म्हणाली, पिवळी जाकिटे अर्ध्या शहराकडे आहेत. सोपे आहे, उद्या मंडळात जाते आणि बूट आहेत तसे टेबलावर ठेवते. ती मांडणीपाशी आली. मांडणी रिकामी होती. मग तिला गॅलरीतले बूट दिसले.

“बाबा, बूट कुणी धुतले?”

“मी. चिखल होता.”

“कुठला चिखल, ते विचारलं नाहीत.”

ती खाली बसली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला जास्त लागले.

“नव्या बाह्यवळण रस्त्यावर मुरूम टाकलाय, बाबा. सगळा लाल. त्या चिखलात डांबराचे खडे होते. जंगलात डांबर कुठून येणार? ते बूट माझे साक्षीदार होते. तुम्ही साक्षीदारच धुऊन टाकलात.”

“मला वाटलं, कुणी बघायला नको.”

“म्हणजे तुम्हाला वाटलंच.”

खरे सांगायचे, तर तिचे बोलणे ऐकूनही माझा संशय पुरता गेला नव्हता. डांबराचे खडे मी कुठे पाहिले होते? आता ते न्हाणीघराच्या मोरीतून केव्हाच वाहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती मंडळात गेली. पिशवीत मीही होतो. सचिवांनी बूट हातात घेऊन उलटेपालटे केले आणि एवढेच म्हणाले, “धुतलेत वाटतं.” बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिले. तिने रस्त्याची गोष्ट सांगितली. तिने सांगितले, की बूट वडिलांनी धुतले. हे ऐकून एकाने खोकल्यासारखे केले. शेवटी सचिव म्हणाले, पुरावा नाही, तेव्हा तिला खेळू द्यावे. बंदी घातली असती तर निदान भांडता आले असते. आता ती जिंकली असती तर चोर ठरली असती, आणि हरली असती तर हरलीच होती. त्या आठवड्यात घरात ताटे वाढली जात, उचलली जात, आणि बापलेकीत ‘मीठ दे’ यापलीकडे बोलणे होत नसे.

स्पर्धेच्या दिवशी तिने मला अंगठ्यावर बांधले, नेहमीपेक्षा घट्ट. बाबाही आले होते, पण गर्दीच्या मागे उभे राहिले. सुरुवातीच्या जागी ओळखीचे लोक नमस्कार करून लगेच दुसरीकडे पाहू लागत. शिट्टी झाली आणि आम्ही जंगलात शिरलो. मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर पाळत ठेवली. ती माझ्याकडे पाहते की न पाहता पळते, हे मला बघायचे होते.

पहिली निशाणे सरळ मिळाली. माझा संशय वाढला. मग दोन ओहोळ शेजारी शेजारी आले, दोन्ही सारखेच रुंद, सारखेच वळणारे, दोन्हींच्या काठी तशाच दरडी. आमच्या खेळात ही चूक पुष्कळांना खाते. शेजारच्या ओहोळात उतरायचे आणि नकाशातले प्रत्येक वळण आपल्याच ओहोळाला जुळवत राहायचे, कारण जुळतेही. दोन्ही ओहोळ एकाच दिशेने जात असल्यामुळे माझ्या काट्यालाही फरक कळत नाही. चकवा चुकीच्या ओहोळात उतरली.

निशाण असायला हवे तिथे नुसते दगड होते. ती पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. दुसऱ्या मुली लांबून पळत गेल्याचे ऐकू आले. मग ती थांबली. तिने नकाशा सपाट धरला, मला त्यावर ठेवले, आणि सावकाश स्वतः वळत वळत उत्तर जुळवली. एखादी नवखी मुलगी पहिल्याच दिवशी करते, अगदी तसे. एक टेकाड पाहिले, नकाशात शोधले. दुसरे पाहिले, शोधले. मित्रांनो, इथे आधी एकदा तरी पाऊल टाकलेला माणूस असा उभा राहत नाही. त्या दगडांत माझा संशय कायमचा गळून पडला, आणि मला इतके वाईट वाटले की सांगता येत नाही. आठवडाभर या मुलीच्या घरात तिच्या बाजूने कुणीच नव्हते, मीसुद्धा नाही.

पुढे ती धावली ती मॅरेथॉनच्या पायांनी. दरड चढतानाही तिला धाप लागली नाही. ज्या रस्त्यावरच्या पळण्याला मी नावे ठेवली, त्याने तिला एकेका मुलीच्या पुढे आणले. पण गेलेला वेळ फार होता. ती दुसरी आली. तिचे अजिंक्यपद तिच्याहून लहान असलेल्या एका मुलीकडे गेले.

चिपमधल्या वेळा फळ्यावर लागल्या. कुणी कोणत्या निशाणाला किती वेळ घालवला, ते तिथे सगळ्यांना दिसते. दोन ओहोळांच्या जागी चकवाचा वेळ पाहून लोक थबकले. जाणूनबुजून अजिंक्यपद घालवायला कोण असा वेळ दवडेल? सचिव तिच्याजवळ आले, चूक झाली म्हणाले, मोठ्या मनाने म्हणाले. सकाळी दुसरीकडे पाहणारे आता हात मिळवत होते. मला त्यांच्या त्या हसण्याचाही भरवसा वाटला नाही. हरल्यामुळे माणूस खरे ठरते, हा कुठला न्याय?

बाबा गर्दीतून पुढे आले. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झाला होता. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मला माहीतच होतं.”

चकवा हळूच म्हणाली, “नाही, बाबा. तुम्हाला आत्ता कळलं. फळा वाचून.”

बाबांचा हात खाली आला. ते एकदम म्हातारे दिसू लागले.

परतीच्या बसमध्ये दोघे शेजारी बसले. मी अजून तिच्या अंगठ्यावर होतो, ती सोडायला विसरली होती. बाबांनी तिच्याकडे वळून विचारले, “त्या रविवारी तू कुठं गेली होतीस?”

त्यांना उत्तर माहीत होते. बसमधल्या सगळ्यांना माहीत होते. तरी चकवा सांगू लागली. घरातून निघाले, पुलापाशी बुटाची नाडी सुटली, पंपाशेजारच्या कुत्र्याने पाठ धरली, बाह्यवळणावर रोलर उभा होता, मुरूम भिजलेला होता, पाय रुतत होते. एकेक वळण तिने सांगितले. बाबा मान हलवत ऐकत राहिले. बस घराजवळच्या थांब्यावर आली तरी तिचे पळणे संपले नव्हते. दोघे पुढच्या थांब्यापर्यंत तसेच बसून राहिले आणि मग चालत मागे आले.

आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या तेलात हवेचा बुडबुडा शिरला आहे आणि काटा उत्तर दाखवायला वेळ लावतो. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याला मोबाइलशेजारी आणि किल्ल्यांच्या ताटलीत टाकू नका, एवढी दया करा. आणि संशय आला तर येऊ द्या, तो काही सांगून येत नाही. पण तो घासूनपुसून, धुऊन ठेवू नका. ज्याच्याबद्दल आला, त्याच्यासमोर जाऊन बसा आणि त्याच दिवशी विचारा. ते माणूस बहुतेक वेळा सांगायला थांबलेलेच असते.