केशरबाईचा हात

अर्पितानं कागदांना लावायची यू-पिन सरळ केली, तिचं एक टोक हिरव्या तारेच्या भोकात घातलं, दुसरं काळ्या तारेच्या, आणि श्वास रोखून भिंतीवरचं बटण दाबलं. कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्यात, पॉवर सप्लायमध्ये, थोडा जरी जीव शिल्लक असता तर त्याचा पंखा फिरला असता. तो फिरला नाही. तिनं बटण बंद केलं, पिन काढून पुन्हा घट्ट बसवली, पुन्हा दाबलं. पंखा ढिम्म.

बाकी सगळं तपासून झालं होतं. त्याच प्लगवर मोबाईल चार्ज होत होता. वायर बदलून पाहिली होती. वर्षभर एकेक भाग जमवून, प्रत्येक स्क्रू स्वतः पिळून तिनं हा कॉम्प्युटर उभा केला होता, जिंतूरच्या छापखान्याच्या लग्नपत्रिका घरी बसून करता याव्यात म्हणून. तो बिघडल्याचं दुःख होतंच. पण या घडीला तिला कॉम्प्युटरपेक्षा बिघाडाचं कारण हवं होतं. ते सापडलं नाही तर घरात एक कारण आधीच ठरून बसलेलं होतं.

ते कारण उंबऱ्यापाशी येऊन उभं राहिलं.

"झालं का गं काई?" केशरबाईनं विचारलं.

"बघायलेय, आई. आत ये की."

"न्हाई. हितंच बरी हाय मी."

अर्पिताचे वडील होते तोवर खंडेनवमीची पूजा केशरबाईच करायची. विळे, कुऱ्हाड, फवाऱ्याचा पंप, विहिरीवरची मोटार, सगळ्यांना तिच्या बोटानं कुंकू लागायचं. ते गेले आणि ती भिंतीला टेकून उभी राहू लागली. ताट धाकटी जाऊ मनकर्णा धरू लागली. केशरबाईला कुणी बाजूला हो म्हटलं नव्हतं. ती आपणहून सरकली आणि कुणी थांब म्हटलं नाही, एवढंच.

यंदा अर्पिता हटून बसली. माझ्या मशीनला आईच कुंकू लावील, नाहीतर कुणीच नको. मनकर्णाकाकूनं पदर सारखा केला. केशरबाईनं खूप आढेवेढे घेतले. शेवटी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसमोर बसली तेव्हा अर्पिता मोबाईलवर फोटो काढण्यात दंग होती. पूजा उरकताच केशरबाई चोरी करून निघाल्यासारखी बाहेर गेली. दिवेलागणीला काकू ताट-तांब्या घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीतून बाहेर पडताना अर्पिताला दिसली होती.

"दिवा इझला व्हता, लावला," काकू म्हणाली होती.

दसऱ्याच्या सकाळी सगळे जमले. अर्पितानं बटण दाबलं. आतून फट्ट असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि सगळं थंड पडलं. काकूच्या तोंडून बारीकसं "अगं बाई" निघालं. केशरबाईनं कुणाकडंच पाहिलं नाही. तिनं फक्त आपला उजवा हात पदराखाली घेतला.

त्या दिवसापासून तो हात पदराखालीच होता म्हणायचा. शेजारच्या बारशाचं बोलावणं आलं, ती गेली नाही. सोयाबीनची रास झाली, पहिलं सूप तिनं मनकर्णाला भरायला लावलं. खोलीत तर पाऊलही टाकलं नाही. आई रडली असती, भांडली असती तर अर्पिताला सोपं गेलं असतं. हे असं निमूट बाजूला होणं तिला बघवत नव्हतं, आणि हट्ट आपणच केला होता हे ती विसरू शकत नव्हती.

तिनं प्लग काढला आणि मोबाईलवरचा व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला. बंद केल्यावरही या डब्यात करंट दबा धरून बसतो, आत बोट घालू नका, असं व्हिडिओतल्या माणसानं बजावलं होतं. म्हणून जेवण होईपर्यंत तिनं डबा तसाच ठेवला. मग चार स्क्रू काढून झाकण उचललं आणि मोबाईलची बॅटरी आत मारली.

आत तांदूळ होते.

कुंकवानं लाल झालेले, वाळून चिकटलेले. एक दाणा दोन तारांच्या मधोमध अडकून कोळसा झाला होता. भोवती कुंकवाच्या पाण्याचा ओघळ सुकला होता. अर्पितानं कॅबिनेटकडं पाहिलं. माथ्यावर जाळी, तिच्या बरोब्बर खाली तळाशी पॉवर सप्लाय, त्याचा पंखा वर तोंड करून. वरून टाकलेल्या ओल्या अक्षता थेट आत उतरल्या होत्या. जाळीवर साधा कपडा टाकायचं तिला सुचलं नव्हतं.

आईचा हात निर्दोष ठरवायला ती बसली होती, आणि डबा उघडून तिनं त्या हाताविरुद्ध पुरावाच बाहेर काढला होता. सांगायचंच नाही, तिनं ठरवलं. लाईट कमी-जास्त झाली म्हणायचं. तिनं प्लॅस्टिकच्या चमच्यानं दाणे सोडवून मुठीत घेतले.

"काय घावलं?" केशरबाई पुन्हा उंबऱ्यात येऊन उभी होती.

"काही नाही. व्होल्टेज वाढलं असंल."

"मग मुठीत काय हाय?"

अर्पिताला खोटं बोलायची सवय नव्हती. तिचं तोंड उतरलं आणि मूठ आपोआप सैल झाली. केशरबाईनं उंबरा ओलांडला. वाकून तिनं एक दाणा उचलला, उजेडाकडं धरला आणि निरखून पाहिला.

"मी तर अक्षता टाकल्याच न्हाईत, अप्पे."

"काय?"

"अक्षता सवाष्णीनं टाकाव्या म्हून मी हातच लावला न्हाई. नुस्तं कुंकवाचं बोट लावलं अन् फूल ठिवलं."

अंगणातून सुपाचा आवाज येत होता. मनकर्णा सोयाबीन पाखडत होती. दोघींनी एकदमच तिकडं पाहिलं. तो दिवा, तो तांब्या, सगळं अर्पिताच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली.

"आत्ता विचारते काकूला."

"खाली बस."

"का म्हणून? तिनं गुपचूप दुसऱ्यांदा पूजा केली, मशीन जाळलं, आणि तू इतके दिवस तोंड लपवून..."

"लेकराच्या वस्तूला काई व्हऊ नये म्हून केली तिनं," केशरबाई म्हणाली. "मपल्या हातावर तिचा इस्वास न्हाई. पर माझा तरी कुठं व्हता?"

अर्पिता खाली बसली. केशरबाईनं तिच्या तळव्यावरचे दाणे गोळा केले आणि जाऊन तुळशीच्या मुळाशी टाकले. जाता-येता ती मनकर्णाच्या जवळून गेली. सूप एकदा थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मनकर्णाचे यजमान आश्रुबाकाका परभणीहून नवा पॉवर सप्लाय घेऊन आले. अर्पितानं तो बसवला, तारा जोडल्या, आधी यू-पिन लावून पंखा फिरतो हे पाहून घेतलं. मनकर्णाकाकू न बोलावता ताट घेऊन आली. केशरबाई नेहमीसारखी भिंतीला टेकून उभी राहिली.

काकूनं पाटावर बसून निरांजन लावलं आणि अक्षतांची चिमूट उचलली.

"अक्षता नको, मनकर्णा," केशरबाई हळू आवाजात म्हणाली. "आत जातेत."

मनकर्णाचा हात तसाच अधांतरी राहिला. तिनं आधी जाळीकडं पाहिलं, मग अर्पिताकडं. अर्पिता तारा सारख्या करत होती, खाली मान घालून. शेवटी मनकर्णानं जावेकडं पाहिलं. केशरबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मनकर्णाला सोसलं नाही. तिचे डोळे भरून आले. ती पाटावरून उठली.

"अक्का, तुमी बसा," ती म्हणाली.

केशरबाईनं पदराखालून हात बाहेर काढला. करंड्यात बोट बुडवलं आणि कॅबिनेटवर, जुन्या पुसट झालेल्या ठिपक्यावरच, नवं कुंकू लावलं.

"दाब आता," ती लेकीला म्हणाली.

पंखा फिरू लागला. मागं उभ्या मनकर्णाच्या चिमटीतले तांदूळ अजून चिमटीतच होते.