ढगाळ दिवशी गेलेला रंग

अकरा वर्षांनी कारखान्याच्या आवारात कुणीतरी लाल रंग कालवला आणि मालकीणबाईंच्या जिवाला जरा बरं वाटलं. एके काळी इथं कापड रंगवायच्या सहा भट्ट्या पेटायच्या. नवरा काठीनं ठाणं उलथायचा आणि त्या शेजारी उभ्या राहून त्याच्या चुका काढायच्या. मग सांडपाण्यानं ओढा लाल झाला आणि सरकारनं कुलूप ठोकलं.

आता नातीनं एक भुकटी केली होती. दोन पदार्थ एकत्र भाजून केलेली, कोळशासारखी काळी. उन्हात पाण्यातला रंग पार तोडून टाकते म्हणे. उद्या सरकारी साहेब बघायला येणार. त्याला पटलं की कुलूप निघणार.

नातीनं बादलीतल्या लाल पाण्यात भुकटी टाकली, ढवळली, गाळली. पाणी नितळ! मालकीणबाईंचा मुलगा नाचायचाच बाकी राहिला.

"बघितलंस, आजी?"

"बघितलं. डोळे फुटले नाहीत माझे. ऊन कुठाय?"

आभाळ सकाळपासून झाकोळलेलं होतं.

"अगं, थोडा उजेडही पुरतो."

"एवढ्या उजेडात चिंधी विटायला महिना लागतो, बये. तुझा रंग दहा मिनिटांत गेला कुठं?"

"आई, होतंय ते होऊ दे ना!" मुलगा कळवळला. "सोन्यातही खोट काढशील तू."

गप्प बसावं, असं त्यांनाही वाटलं. साहेबाला काय डोंबल कळतंय? भट्ट्या पेटतील, तो उग्र वाफारा पुन्हा नाकात जाईल. पण नवऱ्यानं कच्च्या रंगाचं एक ठाण कधी दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. गिऱ्हाइकादेखत गरम सोड्याच्या पाण्यात चिंधी पिळून दाखवायचा.

त्यांनी गरम पाण्यात सोडा कालवला, गाळलेली भुकटी मुठीत घेतली आणि त्यात चुरली. बोटांमधून लाल रंग भळाभळा सुटला.

नातीनं त्या लाल पाण्यात बोट बुडवून बघितलं. "तुटलाच नाही. नुसता भुकटीला चिकटून बसला होता. प्रयोगशाळेत आधी अंधारात चिकटेल तेवढा रंग चिकटू देते, भुकटीचं पोट भरलं की मगच दिवा लावून किती तुटला ते मोजते. इथं घाई केली."

"मग?"

"साहेबांना नको म्हणून कळवते. दिव्याखाली तुटतो, पण उन्हात, ढगात किती तुटतो ते पुन्हा सगळं पहिल्यापासून मोजायला हवं. वर्षही जाईल, आजी."

"जाऊ दे. कारण विचारलं तर सांग, म्हातारीनं मोडता घातला."

मुलगा पाय आपटत निघून गेला. नातीनं हात पुसायला फडकं पुढं केलं. लाल झालेली बोटं मालकीणबाईंनी उलटसुलट करून बघितली. नवऱ्याचे हात जन्मभर असेच होते, आणि त्यावरून त्यांनी त्याला जन्मभर बोल लावला होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाळू दे जरा."