डॅडींच्या रायफलीला वारस

हरणांच्या शिकारीचा हंगाम सोमवारी सुरू होणार होता आणि डॅडींची रायफल कोणाकडे जाणार, हे काही ठरत नव्हतं. गुडघे गेल्यापासून त्यांना मचाणावर चढवत नव्हतं. आमच्या डोंगरातली रीत अशी, की म्हाताऱ्याने न्याहारीच्या टेबलावर रायफल पुढच्या शिकाऱ्याच्या हातात द्यायची आणि त्याने त्याच दिवशी त्या मचाणावर बसायचं. पुढचा शिकारी पुरुषच. मुलगा नव्हता, म्हणून डॅडींनी माझ्या नवऱ्याला, वेंडेलला धरलं होतं. मी लहानपणापासून मचाणाखाली उभी राहून कॉफी वर पोचवत आले. एकदा तरी वर बसायला मिळावं म्हणून माझा जीव तुटायचा, पण विचारतो कोण.

घोडं अडलं ते कायद्यापाशी. राज्याचा नवा कायदा म्हणतो, परक्याला बंदूक द्यायची तर ती आधी बंदुकांच्या दुकानात ठेवून, घेणाऱ्याची सरकारी चौकशी करून द्या, कुटुंबातल्याला द्यायची तर खुशाल द्या. आता जावई कुटुंबातला का? कलमात आधी रक्ताची नाती, मग लग्नाची नाती, आणि शेवटी 'वरीलपैकी काही वगळून'. शेरीफच्या कचेरीतली डार्लीन म्हणाली, चालतो. बंदूकवाला म्हणाला, चालत नाही. वकील म्हणाला, न्यायाधीशाच्या मनावर आहे.

"माझ्या बापाची रायफल मी दुकानात ठेवणार नाही," डॅडी उखडले. "आणि कायदाही मोडणार नाही. इतकी वर्षं माझ्या घरी जेवतोय, तो कुटुंबातला आहे का, हे राजधानीला विचारू?"

"मला विचाराल तर नाही," वेंडेल घाईघाईने म्हणाला. बिचाऱ्याला रक्त बघून चक्कर येते, पण सासऱ्याला सांगायची छाती नव्हती.

सोमवारी पहाटे टेबलावर पावासारखी गरम बिस्किटं, सॉसेजची ग्रेव्ही आणि मधोमध रायफल. डॅडी तेच कलम पुन्हा वाचायला लागले आणि माझं डोकं फिरलं.

"डॅडी, पोटच्या पोरांचं काय लिहिलंय?"

"त्यांना देता येते. त्यात काय वाद?"

"मग मी कोण आहे?"

डॅडींनी चष्मा काढला.

"तुला नेम कुठे धरता येतो?"

"तुमच्या पाठीमागे कुंपणावरचे डबे कोण पाडत होतं?"

"मला वाटायचं, वारा."

"वाऱ्याने भोकं पडतात होय?"

वेंडेल इतका हसला की ग्रेव्ही सांडली. डॅडींनी बोल्ट मागे ओढून आत गोळी नसल्याचं दाखवलं आणि रायफल माझ्या हातात दिली. मी सरळ रडले.

उजाडलं तेव्हा मी वर होते. अख्खी दरी समोर, आणि माझा आनंद मनात मावत नव्हता. डॅडी काठी टेकत खाली येऊन बसले होते. तेवढ्यात पायवाटेने शेजारचा हार्लन आला आणि डॅडींना हळूच म्हणाला, "काय ऑरव्हिल, जावयाला चढवलंत वाटतं?"

ज्या माणसाने मला मचाणाखाली खोकूही दिलं नव्हतं, तो दरी दुमदुमेल असा ओरडला, "जावई नाही. माझी पोर आहे वर."

झाडीतून चार हरणं उधळली आणि दिसेनाशी झाली. मी रायफल उचललीसुद्धा नाही.