लाँड्रीतली उपासना

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली, त्या उपनगरातल्या प्रेस्बिटेरियन मंडळीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, चर्चमागच्या खोलीत इतिहासाच्या पुस्तिकेचे वाचन चालले होते आणि टेलिफोनबाईंचा चहा केव्हाच निवला होता. सारी नोकरी एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेल्यामुळे त्यांना हे नाव पडले होते. वडीलसभेत, म्हणजे मंडळीने निवडून दिलेल्या कारभाऱ्यांत, त्या एकट्याच बाई.

इतिहास लिहिला होता दातांच्या डॉक्टरांनी. घंटेवर पानभर, छपरावर दोन पाने, आणि जुने छप्पर का गळले यावर आणखी एक. सुरुवात मात्र एका ओळीत उरकली होती: 'पहिली उपासना एका सद्गृहस्थांच्या निवासस्थानी झाली.'

"कुठले सद्गृहस्थ?" बाईंनी विचारले. "ती लाँड्री होती. माझ्या आईची."

हे त्या पहिल्यांदा सांगत नव्हत्या. आधी सगळे म्हणाले, बघू. मग म्हणाले, मसुदा अजून कच्चा आहे. आता म्हणत होते, छापखाना खोळंबलाय.

बाईंना ती खोली लख्ख आठवत होती. थंडीत साऱ्या वस्तीत तेवढीच एक ऊबदार जागा. विधवा आई दोऱ्यांवरच्या चादरी बाजूला सारून इस्त्रीच्या टेबलावर स्वच्छ कापड अंथरायची, तेच व्यासपीठ. एकदा ऐन प्रार्थनेत एक गिऱ्हाईक सदरा मागायला आले. आईने उठून सदरा दिला, परत येऊन डोळे मिटले, आणि तोवर थांबलेल्या पाळकांनी प्रार्थना पुढे सुरू केली.

बाईंनी हा प्रसंग सांगितला तेव्हा आताचे पाळक हसले. डॉक्टर हसले नाहीत. "लोक ही पुस्तिका जपून ठेवणार, बाई. लाँड्री म्हटलं की डोळ्यांपुढे मळके कपडे येतात."

"तुमच्या दवाखान्यात सुरू झाली असती, तर काय आलं असतं?"

हशा पिकला, पण ओळ जागची हलली नाही. शेवटी पाळकांनी रीतसर ठराव मांडायला सांगितले. या मंडळीत खिडकीचा पडदा बदलायलासुद्धा ठराव लागे, आणि ठरावाला अनुमोदक. तो मिळाला नाही तर ठराव मताला टाकतच नसत; मांडलाच नव्हता असे धरून पुढे जात. पाळक अध्यक्ष, त्यामुळे त्यांना अनुमोदन देता येत नव्हते.

आईचा उल्लेख नको, नुसते 'लाँड्रीत' लिहा, एवढाच ठराव बाईंनी मांडला.

"अनुमोदन कोण देतंय?"

समोर बाईंचा धाकटा भाऊ बसला होता, साऱ्या वस्तीचे हेडमास्तर. त्याच लाँड्रीत कपड्यांच्या गठ्ठ्यांवर झोपून, ताईबरोबर टोके धरून चादरींच्या घड्या घालून तो मोठा झाला होता. अंगाला खळीचा वास येतो म्हणून शाळेत पोरे त्याच्या बाकावर बसत नसत. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. गोष्ट त्यांच्या घरची, तर आधी त्यांनीच हात वर करावा, अशा भिडेने सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"कुणीच नाही?" पाळकांनी हळूच विचारले. मग डॉक्टरांनी पान उलटले आणि ते छपराकडे वळले.

फाटकापाशी भावाने बाईंना गाठले. "ताई, इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढतेस?"

"पुरलं कुणी, ते आधी सांग."

तो फाटक उघडून निघून गेला. बाईंनी वडीलसभेचा राजीनामा दिला. त्याला मात्र लगेच अनुमोदन मिळाले.

पुस्तिका झकास निघाली. पाळक पुढे दुसऱ्या मंडळीत गेले. डॉक्टर छप्पर पुन्हा गळेपर्यंत जगले आणि दुरुस्तीवर देखरेख करून गेले. लाँड्रीच्या जागी मोटारींचे टायर विकणारा आला. हेडमास्तरांची बायको वारली आणि तिच्यामागे त्यांची स्मरणशक्तीही गेली; मुलांनी त्यांना वृद्धाश्रमात ठेवले. बाई तिथे नेमाने जात. ते त्यांना ओळखत नसत, आणि बाईही फारसे बोलत नसत.

एका दुपारी तिथली नर्स धुतलेल्या चादरी पलंगावर टाकून गेली. हेडमास्तर उठले. त्यांनी एक चादर उचलली, दोन टोके धरून झटकली आणि बाईंकडे बघत तशीच धरून उभे राहिले.

बाई बराच वेळ खुर्चीवरून हलल्या नाहीत. हेडमास्तर चादर सोडेनात. मग बाई उठल्या आणि पलीकडची दोन टोके त्यांनी हातात घेतली.