पहिल्या तुकडीतले उंदीर

सकाळी सव्वादहा वाजता अर्क पाजलेली पहिली गाभण मादी कापली गेली. गर्भाशयात तीन पिल्लं होती. बाकीची जिथे असायला हवी होती, तिथे काळपट डाग. नुसतं पाणी पाजलेल्या शेजारच्या पिंजऱ्यातल्या मादीत अकरा निघाली होती.

संशोधिका चिमट्याने पुन्हा मोजू लागली, तेव्हा मागून सर म्हणाले, "एका मादीवरून आभाळ कोसळल्यासारखं करू नका. बाकीच्या सोमवारी. तोवर बाहेर चकार शब्द नको."

"सर, माझी वहिनी हाच अर्क घेतेय."

"कुणी दिला?"

"मी."

सर हातमोजे काढत निघून गेले.

बाटली तिने महिन्यापूर्वी घरी नेली होती. वहिनीचे याआधी दोन गर्भ पडले होते. तिसऱ्या खेपेला पोटात पाणी ठरत नव्हतं. अर्क ज्या मुळीचा, ती मळमळीवर पूर्वापार चालत आलेली. संशोधिकेने छातीठोकपणे सांगितलं होतं, "तीन महिने उंदरांना पाजलाय. एकाचा केससुद्धा गळला नाही."

"तुझ्या उंदरांना डोहाळे लागतात का गं?" वहिनीने विचारलं होतं. दोघी पोट धरून हसल्या होत्या.

लागणार कुठून? पहिल्या तुकडीत सगळे नर होते. प्रयोगशाळेची रीतच तशी. माद्यांच्या ऋतुचक्राने आकडे हलतात, म्हणून आधी नर. माद्यांचं पुढे बघू.

जिन्यात उभं राहून तिने फोन लावला.

"बोला, शास्त्रज्ञबाई. उंदीर बरे आहेत ना?"

"वहिनी, ती बाटली ओतून टाक."

"ओतू काय? कालच संपली. तुझ्या दादाला म्हटलं, बहिणीकडे दुसरी माग. का गं?"

"आज एक गाभण मादी उघडली. पिल्लं... बरीचशी गेली होती."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"तू तर म्हणालीस, केससुद्धा गळला नाही."

"ते नर होते."

"आणि हे तुला आज कळलं?"

"आत्ताच, वहिनी. मादी उघडली आणि लगेच तुला—"

"मादीचं नाही विचारत. ते सगळे नर होते, हे."

वहिनीने फोन ठेवला.

संध्याकाळी दादाचा फोन आला. सोनोग्राफी झाली होती. बाळाचे ठोके लागत होते. वाढ दिवसांच्या मानाने कमी होती. अर्कामुळे का, ते डॉक्टरीणबाईंना सांगता येत नव्हतं. त्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल मागितला होता. सरांनी सोमवारनंतर बघू म्हटलं.

"वहिनीला दे ना जरा."

"नको म्हणतेय ती," दादा म्हणाला.

पुढची सोनोग्राफीही सोमवारीच ठरली आहे. उरलेल्या पाच माद्यांना संध्याकाळचा अर्क नेहमीच्या वेळी पाजण्यात आला. पाळी संशोधिकेची होती.