पांढरं कापड, दोन बांबू, एक मडकं

भाद्रपदाचं ऊन तांबूस होऊन नदीपलीकडे कलत होतं. तीरावर कासगवताचा तुरा फुलला होता. पांढरा, मऊ, निःशब्द. पितृपंधरवड्याचे दिवस. पत्र्यापत्र्यावर, फांदीफांदीवर कावळे बसलेले. पोट भरलेले, तरी वाट पाहणारे.

त्यांच्या नजरेखालून केवळा पेठेत आली.

तालुक्याच्या वाचनालयात उद्यापासून ॲक्रिलिक रंगांचा वर्ग भरणार होता. लाल, निळ्या, पिवळ्या रंगांच्या नळ्या आणि कुंचले तिने आधीच पदराआड घरी आणले होते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, बांबूची चौकट करा, तिच्यावर मांजरपाट ताणा; पाण्याला वेगळं मडकं ठेवा, हा रंग वाळला की घरच्या भांड्यावरून निघत नाही.

साठी उलटल्यावर चित्र शिकायचं, हे गावात कोणत्या तोंडाने सांगावं? ठाऊक होतं ते फक्त नवऱ्याला. भिवाजी आषाढापासून खाटेवर होता. छातीत रात्रंदिवस भाता चाले. डॉक्टरांनी केवळाला बाजूला घेऊन नुसती मान हलवली होती.

"शीक," भिवाजी म्हणाला होता. "उंबऱ्यावर बसलेला काढ मला. फोटोत मी चोरासारखा दिसतो."

म्हणून ती घाई करत होती. रंगाच्या आधी काळोख येऊ नये म्हणून.

"शेठ, मांजरपाट द्या. दोन बांबू. एक मडकं."

बन्सीशेठचा हात थबकला. या पंधरवड्यात कुणी नवं कापड घेत नाही. घेतात ते एकाच कारणासाठी. त्याने तिच्या कुंकवाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. कापड टरकन फाटलं. न मागता त्याने सुतळीचा गुंडा ठेवला, गुलालाची पुडी ठेवली. घासाघीस नाही, विचारपूस नाही. ती निघाली तेव्हा तो 'या' म्हणाला नाही.

वाटेवरची माणसं बाजूला सरत होती. पुरुष टोप्या काढत होते, बायका पदर तोंडाशी नेत होत्या. बांबू लांब आहेत म्हणून सरतात, तिला वाटलं.

पिंपळाच्या वळणावर तिचं बोट गुलालाच्या पुडीला लागलं. पांढरं कापड, दोन बांबू, एक मडकं. सासरे गेले तेव्हा हेच सामान दाराशी आलं होतं.

मग त्याहून काळा विचार आला. मी इकडे रंगांच्या मागे, आणि तिकडे घरी खरंच काही झालं असेल तर? माझ्याआधी गावाला कळलं असेल तर?

ती धावली. बांबू खांद्यावर आपटत होते, मडकं कुशीत गार पडलं होतं, आणि आभाळ गुलालाच्या रंगाचं होत चाललं होतं.

अंगण माणसांनी भरलेलं. कोपऱ्यात गोवऱ्या धुमसत होत्या. बायकांचा हुंदका धुरासारखा वर चढत होता.

आणि त्या धुरातून खोकला आला. ओळखीचा, दीर्घ, फाटका खोकला.

भिवाजी दाराची चौकट धरून उभा होता. "केवळे, हे कुणासाठी रडतायत? मघापासून विचारतोय, एक सांगेल तर शपथ."

पेठेत सामान पाहून उठलेली बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. कुणीतरी हसलं. हसू लगेच विझलं. वळचणीवर कावळा उतरला.

"आलेलं सामान माघारी जात नसतं, बाई," शेजारची तानाक्का हळूच म्हणाली. "ते कुणाला तरी घेऊनच उठतं."

अंगण गारठलं.

भिवाजी भिंतीच्या आधाराने खाली सरकला आणि ऐन तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसला. "माघारी कशाला? कोयता आणा. तोडा ते बांबू. हिला चौकट करायचीय."

बांबू तुटले. तिरडी बांधायला आलेल्या हातांनी चौकट बांधली; त्याच सुतळीने, त्याच मुक्या गाठींनी. मांजरपाट ताणला गेला. मडक्यात पाणी पडलं, आतून नळ्या-कुंचले आले. उद्या शिकायचं ते आज चुकलं तरी चालणार होतं.

"हलू नका," केवळा म्हणाली, आणि त्याच्या पागोट्याचा लाल कापडावर टेकवला.

लाल वाळला. पक्का झाला. बाकी सगळं पांढरं होतं. कासासारखं पांढरं, वाट पाहणारं. उजेड उंबऱ्यावरून उतरत होता. भिवाजी हलत नव्हता. फक्त छातीतला भाता चालू होता, आणि त्याच्या लयीवर तिचा कुंचला: एक श्वास, एक रेघ, एक श्वास, एक रेघ, एक श्वास…